आधी फीत, मग रॅम्प

दहाची मुलाखत, आणि पावणेदहाला डॉ. शोशम्मा रॅम्पच्या पायथ्याशी अडकलेल्या. वर सेमिनरीचं, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या कॉलेजचं, सभागृह, त्यात निवड समिती. खाली चाकाच्या खुर्चीत बाई. आणि मधे आडवी लाल फीत.

"तिरुमेनींनी फीत कापल्याशिवाय कुणालाच पाऊल ठेवता येणार नाही, टीचर," प्राचार्य फादर पोथन, म्हणजे सगळ्यांचे अच्चन, घाम पुसत म्हणाले. बिशप तिरुमेनी अजून कोट्टयमच्या गर्दीतच अडकले होते.

"मी कुठं पाऊल ठेवतेय, अच्चन? चाकं ठेवतेय."

बायबल आणि अपंगत्व या विषयावर बाईंनी उभी हयात घालवली होती. प्राध्यापकाची ही एकच जागा. समितीपुढं मुलाखतीचं व्याख्यान वेळेत झालं नाही, तर तीही हातची जाणार. रॅम्प त्यांच्यासाठीच घाईघाईनं बांधलेला, पण उद्घाटन मात्र अच्चनांना साग्रसंगीत हवं होतं.

"चार पोरं बोलावतो. खुर्चीसकट अल्लद उचलतील."

"नको. उचललं की माणसाचं सामान होतं. मार्कच्या शुभवर्तमानात त्या चौघांनी पांगळ्या मित्राला येशूपर्यंत पोचवायला अख्खं छप्पर उचकटलं. तुम्ही नुसती फीत सोडा."

"फीत सोडली तर तिरुमेनी मला सोडायचे नाहीत!"

बाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी खुर्ची वळवली, थेट फणसाखाली नेली आणि खणखणीत आवाजात व्याख्यान सुरू केलं. बघता बघता पोरं जमली. वर समिती खिडकीतून लोंबायला लागली.

"काही ऐकू येत नाही हो!"

"मग खाली या की!"

दोघे पायऱ्या उतरून आले. तिसरे कुरुविला सर. त्यांचे गुडघे त्यांच्याआधीच निवृत्त झालेले. रॅम्पच्या वरच्या टोकाला फीतबीत काही नाही, हे त्यांनी हेरलं आणि कठडा धरून ते सावकाश उतरत तळाशी फितीला येऊन टेकले.

"सर!" अच्चन किंचाळले. "उद्घाटन व्हायचंय! मागं फिरा!"

"फिरतो कसला? चढ आहे."

"निदान फितीखालून तरी या!"

"वाकलो, तर उद्घाटनाआधी माझा अंत्यविधी करावा लागेल, पोथन."

तेवढ्यात तिरुमेनींची गाडी आली. फितीमागं कोंडलेले आपले जुने गुरुजी बघून ते थबकले.

"सर, तुम्ही तिथं काय करताय?"

"व्याख्यान ऐकतोय. गप्प बस आणि तूही ऐक."

तिरुमेनी निमूट बसले. मग बाकीच्यांची काय टाप! व्याख्यान असं रंगलं, की तबकातली कात्री कुणाला आठवलीसुद्धा नाही. समितीनं फणसाखालीच बाईंची निवड जाहीर करून टाकली, आणि फीत कापली गेली ती सरांना सोडवायला.

अच्चन आता लोण्यासारखे मऊ झाले होते. "टीचर, तुमची खोलीसुद्धा तयार ठेवलीय बरं का! ऐसपैस, हवेशीर. दुसऱ्या मजल्यावर."

तिरुमेनींनी कपाळावर हात मारला.

"छानच," शोशम्मा हसून म्हणाल्या. "आणि तुमची कुठं आहे, अच्चन?"

"ही काय, फाटकाजवळ. तळमज..."

सोमवारपासून अच्चन दुसऱ्या मजल्यावर बसतात. हवा फार छान येते, असं येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून सांगतात.