गाभ्याला हिरवा झेंडा

आमच्या समोरच्या गॅलरीत दर रविवारी दुपारी एक वाजता हिरवा झेंडा हलतो. तो हलल्याशिवाय आमच्या घरात कुणी जेवायला बसायचं नाही, असा नियम आहे. नियम आमचा नाही, नानांचा आहे.

नाना मालगाडीवर गार्ड होते. रिटायर झाल्यावर भुसावळातच घर बांधलं. पाच वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून एकटेच असतात. पण खात्री केल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही सवय काही सुटली नाही. आता सोडायला गाडी नाही, म्हणून भाजी सोडतात. भाजी एकच, केळीच्या गाभ्याची.

रावेरकडे त्यांच्या धाकट्या बहिणीची, शांताअक्कांची, केळीची बाग आहे. घड उतरवला की खोड कापून बांधावर फेकतात. नाना त्यातला पांढराशुभ्र गाभा काढून एसटीनं मांडीवर घेऊन येतात. "मास्तर, केळं तं कोणीबी खाते," ते मला सांगतात, "गाभा खायाले अक्कल लागते. नुसता चोथा आहे त्याच्यात! पोट कसं लख्ख राह्यते." मग पोटॅशियम येतं, मग मुतखडा येतो, आणि माझी शाळेची वेळ होते.

जेवढं प्रेम, तेवढीच भीती. गाभा काळा पडेल म्हणून त्यावरचं शेवटचं साल ते शिजवायच्या दिवशीच काढतात. तोवर तो ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. चकत्या करताना निघणारे धागे बोटावर गुंडाळून काढायचे आणि चकती लगेच ताकाच्या पाण्यात टाकायची. मग बारीक चिरून, पिळून, मुगाची डाळ आणि लसणाची फोडणी. फ्रिजमधल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी असते: आगमन अमुक वार, अमुक वाजता. या चिठ्ठ्यांवर मी मनसोक्त हसलो आहे.

अकरा वाजता भाजी झाली की एक डबा आमच्याकडे येतो. नाना घरी एक चमचा खातात आणि घड्याळ घेऊन गॅलरीत बसतात. दोन तासांत पोटात काही कळ आली नाही, तर हिरवा झेंडा. लाल झेंडाही त्यांच्याकडे होता, पण तो आम्ही कधी पाहिला नव्हता.

त्या रविवारी माझी बायको मीना गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी गरम होती, डबा समोर होता आणि फोडणीचा वास घरभर सुटला होता. मी दोन भाकरी आणि अर्धा डबा भाजी संपवली. ताट विसळून जागेवर ठेवलं. साडेबारा वाजले असतील.

तेवढ्यात गॅलरीत लाल झेंडा हलायला लागला.

"मास्तर! खाऊ नका! कोणीच खाऊ नका!"

मीना धावत खाली आली. "बरं झालं बाई, आपण अजून बसलो नव्हतो," ती म्हणाली. मी विसळलेल्या ताटाकडे पाहिलं. घशात गाभ्याचा एक धागा अडकलाय असं वाटू लागलं. मग पोटात काहीतरी हललं. खरंच हललं की मला वाटलं, देव जाणे. मी चप्पल न घालताच समोर पळालो, माझ्यामागे मीना.

नाना दारातच उभे होते, चेहरा पांढराफटक. "शांताचा फोन आला. गड्यानं बांधावरच्या खोडांवर तणनाशक टाकलं म्हने. बुधवारी सकाळी. आन मी कधी गेलो, मंगळवारी का बुधवारी, मले आठवतच नाही राह्यलं!"

"नाना," मी म्हणालो, "मी खाल्लंय. अर्धा डबा."

मीनानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे तणनाशक परवडलं असतं. नाना मात्र भिंतीला धरून खालीच बसले. "माह्यं काय, मी म्हतारा मानूस. तुम्हाले काही झालं तं मी कोनाले तोंड दाखवू?" त्यांना रडू फुटलं. मी भीतीनं अर्धमेला झालो होतो, तरी मलाच त्यांची पाठ थोपटावी लागली.

मीना एकटी शुद्धीवर होती. "चिठ्ठी कुठंय, नाना?"

मी फ्रिजकडे धावलो. ओलं फडकं पडलं होतं, त्याला टाचणीनं लावलेली चिठ्ठी भिजली होती. मला अक्षर लागेना. मीनानं ती हिसकावून मोठ्यानं वाचली: "गाभा. आगमन मंगळ, १७.४०."

मंगळवार! औषध टाकायच्या आदल्या दिवशी. नानांनी तीन वेळा वाचून घेतलं. मग शांताअक्कांना फोन लावला. "हो रे भाऊ, तू गेला आन दुसऱ्या दिवशी टाकलं," त्या म्हणाल्या. माझं पोट त्याच क्षणी बरं झालं.

तेव्हा कुठे माझं गॅलरीकडे लक्ष गेलं. स्टुलावर वाढलेलं ताट होतं. भाजी, भाकरी, कांदा, सगळं जसंच्या तसं, गार झालेलं. खुर्चीचं तोंड आमच्या घराकडे होतं, आणि तिथून आमच्या खिडकीतलं जेवायचं टेबल स्वच्छ दिसत होतं.

"तुम्ही अजून जेवला नाहीत?"

नाना चष्मा पुसत राहिले. "एक चमचा खातो तपासाले. मंग हिरवा दाखवला का तुम्ही बसता. तुम्ही बसले का मीबी बसतो." चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "सोबत झाल्यासारखं वाटते."

मला पाच वर्षांचे सगळे रविवार आठवले. त्यातल्या कितीतरी दिवशी ऊन लागतं म्हणून मी खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी मीनानं वांग्याची भाजी केली आणि खिडकीतून तिची हिरवी ओढणी हलवली. गार्डला सिग्नल मिळाला की उत्तर द्यावंच लागतं. नाना बराच वेळ बघत उभे राहिले, मग आत निघून गेले. त्यांना राग आला असेल या भीतीनं मी पुन्हा घामाघूम झालो. पण ते झेंडा घेऊन बाहेर आले, शिस्तीत तीनदा हलवला आणि ताट घेऊन जिना उतरले.

आमच्या टेबलाशी बसल्यावर त्यांनी खिशातलं घड्याळ काढून समोर ठेवलं. मीनानं वाढलं. नानांनी ते घड्याळ उचलून पुन्हा खिशात घातलं आणि पहिला घास घेतला.