सॅमसनशेटचं कापाकापीचं लॅटिन

"सेको का फिंदो?"

पनवेलला राहायला आल्यावर चौथ्याच दिवशी एका लाकडाच्या वखारीत मला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारा उघडाबंब, कमरेला पंचा, खांद्यावर कुऱ्हाड. मी बंबासाठी जळण आणायला गेलो होतो. मला वाटलं, साग आणि ऐन असतात तशा या लाकडाच्या जाती असाव्यात. बँकेत दिवसभर सह्या जुळवणाऱ्या माणसाला लाकडातलं काय कळणार? मी म्हटलं, "जे लवकर पेटतं ते द्या."

"मंग फिंदो," असं म्हणून त्याने एका ओंडक्यावर कुऱ्हाड घातली.

मागच्या टेबलाशी बसलेला एक काडीसारखा म्हातारा चष्मा पुसत उठला. "बुधाजी, नवीन आहेत ते. त्यांना शिकवलं नाही कोणी." आणि मला बाकावर बसवून त्याने अर्धा तास शिकवलं. सेको म्हणजे करवतीनं आडवं कापणं. फिंदो म्हणजे लाकडाच्या रेषेनं उभं फोडणं. काएदो म्हणजे घाव घालून तोडणं, झाड तोडतात तसं. स्किंदो म्हणजे फाडणं, आणि दिविदो म्हणजे वाटे करणं. सगळं लॅटिन.

"म्हणजे रोममधलं?" मी विचारलं.

"रोममधलं आता कुठे राहिलंय? आता पनवेलमधलं."

हे सॅमसनशेट. नावाला सॅमसन, म्हणजे बायबलातला पहिलवान, पण वाऱ्यावर उडू नये म्हणून खिशात दगड ठेवत असतील अशी शरीरयष्टी. जातीने बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजे-पणजे तेलाचे घाणे चालवायचे, वडिलांनी लाकडाची वखार घातली. वखार शनिवारी बंद. शनिवारी कुणाच्या घरी चूल पेटेनाशी झाली तरी सॅमसनशेट कुलूप काढत नसत. "आदल्या दिवशी सुचत नाही का?" एवढंच म्हणत.

लॅटिन त्यांनी मुंबईला कॉलेजात घेतलं. का घेतलं, तर संस्कृतचा वर्ग सकाळी सातला असायचा आणि लॅटिनचा दुपारी. वर्गात तीन मुलं आणि एक म्हातारे पाद्री. बी. ए. झाले आणि त्याच वर्षी वडील गेले. तेव्हापासून वखार. "बाकीचं लॅटिन गंजलं," ते सांगत. "पहिल्याच धड्यात प्रेम करण्याचं क्रियापद होतं, पण ते काही वखारीत लागलं नाही. कापाकापीचं तेवढं रोज लागतं, म्हणून ते राहिलं." लग्न त्यांनी केलं नव्हतं. ते का केलं नाही, हे विचारण्याइतकी माझी कधी हिंमत झाली नाही.

मराठीवर त्यांचा राग नव्हता, तक्रार होती. "तुम्ही लोक फार ढिले. लाकूड फोडता, नारळ फोडता, डोकंही फोडता. तीन वेगळी कामं, शब्द एक!" न्हाव्याच्या खुर्चीत बसले की आधी बजावत, "सेको कर हो, काएदो नको." एस.टी.त कंडक्टरने तिकीट फाडलं की समाधानाने पुटपुटत, "स्किंदो." आमच्या मुलीच्या वाढदिवसाला केक कापायच्या वेळी मेणबत्त्या विझल्या, टाळ्या झाल्या, आणि हे सुरी धरून सगळ्यांना सांगू लागले की आता जे होणार आहे त्यात दोन क्रियापदं आहेत, आधी सेको आणि मग दिविदो, आणि बहुतेक भांडणं दुसऱ्यात होतात. तोवर मुलीने बोटाने अर्धं क्रीम खाल्लं होतं.

बुधाजी डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरचा. शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस लॅटिन असं वापरायचा की पाद्री असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. एकदा बेलपाड्याचा एक शेतकरी आंब्याचा बुंधा गाडीत घालून घेऊन आला. बुधाजीने नखाने साल खरवडली, कान लावला आणि मान हलवली. "ह्यो फिंदो नाय व्हनार शेट. आत गाठ हाय. सेकोच करा." शेतकरी घाबरून म्हणाला, "आजार हाय का काय झाडाला?"

सॅमसनशेटच्या घरी त्यांची धाकटी बहीण राहेल. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती वीस वर्षं राहिली. तिला लॅटिनचा वीट होता. मुळा चिरताना भावाने तोंड उघडलं की ती विळी त्याच्या पुढ्यात सरकवायची, "मग तूच कर तुझं सेको." संध्याकाळी दोघं ओटीवरच्या झोपाळ्यावर बसलेली दिसत. साग, दोन बोटं जाड, त्यांच्या आईच्या वेळची फळी. एक पाय जमिनीला लावून राहेल झोका द्यायची आणि सॅमसनशेट पेपर वाचायचे.

राहेलचा मुलगा इस्राएलला गेला होता. त्याला मुलगा झाला आणि त्याने आईचं तिकीट पाठवलं. कायमचं. मामालाही या म्हणून लिहिलं होतं.

"जाणार?" मी विचारलं.

"कसा जाऊ? सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आम्ही मोजून दहा आहोत. मी गेलो की नऊ. नवांनी काय करायचं, एकमेकांकडे बघत बसायचं?" ते तावातावाने म्हणाले, जणू मीच त्यांना घेऊन चाललो होतो. मला त्या दिवशी प्रथमच त्यांची काळजी वाटली.

राहेलने सामानात दुसरं काही मागितलं नाही. फळी मागितली, तीही अर्धी. "अख्खी विमानात घेणार नाहीत. आणि अख्खी नेली तर तू कशावर बसशील? मधोमध काप. माझ्या तुकड्यावर नातू बसेल, तुझ्यावर तू."

साधं काम होतं. वखारीतली करवत दोन मिनिटांत करते. पण सॅमसनशेटनी फळी उतरवून वखारीत नेली आणि तीन आठवडे नुसती बघत राहिले. रोज पेन्सिलीने रेघ मारायचे, रोज पुसायचे. राहेल रोज विचारायची. हे म्हणायचे, "मोजमाप चाललंय." गावात कुणी काही विचारायला आलं तरी शेट फळीशीच. बुधाजीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, शेट लॅटीनबी बोलंना आता. काय झालंय त्यांना?"

निघायला दोन दिवस उरले तेव्हा मी बँकेतून परतताना वखारीत डोकावलो. करवत बंद होती. फळी जमिनीवर, तिच्या कडेला रेषेवर लोखंडी पाचरी लावलेल्या. बुधाजी एकेक पाचर धरत होता आणि सॅमसनशेट स्वतः घण मारत होते. त्या हातांना घण पेलत नव्हता. प्रत्येक घावानंतर ते थांबून दम घ्यायचे. बुधाजीने दोनदा घण मागितला, त्यांनी दिला नाही. मग कर्रर्र असा लांब आवाज झाला आणि फळी उभी दुभंगली.

राहेल बघायला आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, हे काय केलंस! आडवी कापायची सांगितली होती ना? या दोन अरुंद पट्ट्या! यावर बसला की माणूस तोंडावर पडेल. ना तुला उपयोग, ना मला."

चिरलेली कड खडबडीत होती, कुठे वर आलेली, कुठे खोल. मलाही वाटलं, चाळीस वर्षं या धंद्यात काढून माणसाने असं करावं?

"करवतीला जाडी असते राहेल," सॅमसनशेट म्हणाले. "दोन तुकडे करताना मधलं थोडं ती खाते. त्याचा भुसा होतो. मग तुकडे परत लावले तरी फळी तेवढी भरत नाही. आईच्या फळीतलं काही भुशात जायला नको होतं मला." त्यांनी दोन्ही भाग उचलून एकमेकांना टेकवले. ते असे बसले की मधे नखही गेलं नसतं.

राहेलने आपली पट्टी गोधडीत गुंडाळली आणि विमानतळावर सामान तपासणाऱ्याने "हे काय आहे?" म्हणून विचारलं तेव्हा, "झोपाळा," असं ठणकावून सांगितलं. हे मला सॅमसनशेटनीच सांगितलं. ते पोचवायला गेले होते.

आठवड्याने मी त्यांच्याकडे गेलो. रविवार होता, दुपारची वेळ. त्यांची पट्टी ओटीवर भिंतीला उभी टेकवलेली. झोपाळ्याच्या मोकळ्या साखळ्या त्यांनी वर गुंडाळून ठेवल्या होत्या. मी बसलो, दोन गोष्टी बोललो, राहेलचं पत्र आलं का विचारलं. आलं नव्हतं. उठू लागलो तर त्यांनी हात धरला. माझा हात त्यांनी यापूर्वी कधी धरला नव्हता.

"जेवूनच जा," ते म्हणाले. "खरं म्हणजे रोजच कुणीतरी या. राहेलने जायच्या आधी आमटी शिकवली, पण तिचं माप दोघांचं आहे. मी आठ दिवस खटपट करतोय, ते निम्मं करायला मला जमत नाही."

मी घरी निरोप पाठवला आणि पानावर बसलो. आमटी खारट झाली होती. आम्ही दोघांनी ती सगळी संपवली.