तात्यारावांचे तीन ट्रॅक्टर

"वडिलांचं रेकॉर्ड बघितल्यावर बँकवालाच उभा राहून सलाम करेल," असं धम्मदीपनं शेजारच्या सीटवर सांगितलं, तेव्हा हिंजवडीहून निघालेली कंपनीची बस पाऊण तास एकाच जागी उभी होती आणि शेजारचा झोपलेला होता. तरी तो सांगत राहिला. वारज्यात टू बीएचके. एक लाख टोकन भरलेलं. पंधरा दिवसांत बँकेचं मंजुरीपत्र दिलं की फ्लॅट आपला, नाही दिलं तर लाख बिल्डरचे. एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज बसत नव्हतं, म्हणून वडिलांना सहकर्जदार केलेलं. आणि वडील म्हणजे निवृत्त हवालदार तात्याराव. चोवीस वर्षं फौजेत काढली, पण कॅन्टीनमध्ये चहाचीसुद्धा उधारी नाही. विश्रांतवाडीतल्या घराचं वीजबिल यायला उशीर झाला, तर ते कचेरीत जाऊन विचारत, "आमचं काही चुकलं का?"

कर्ज विभागातल्या निकिता मॅडमनी तात्यारावांचा क्रेडिट रिपोर्ट काढला. प्रिंटर बराच वेळ थांबेना.

"काका, ट्रॅक्टर किती आहेत आपल्याकडे?"

"माझ्याकडे सायकल आहे," तात्याराव म्हणाले.

"इथे तीन दिसतायत. शिवाय दोन म्हशी, बँडपथकाचं सामान आणि घराचे पत्रे. स्कोर पाचशे सोळा. इतका कमी मी फक्त ट्रेनिंगमध्ये बघितला होता. असं होऊ देऊ नका, म्हणून दाखवला होता."

तात्याराव सहा कर्जांना जामीन राहिले होते. जामीन राहिलं की ते कर्ज आपल्याही रिपोर्टात दिसतं आणि समोरच्यानं थकवलं की आपला स्कोर पडतो, हे निकितानं शांतपणे समजावलं. तात्यारावांनी तितक्याच शांतपणे ऐकलं. घाम फक्त धम्मदीपला आला.

घरी चौकशी बसली.

"बाबा, सहा जणांना जामीन?"

"पलटणीतले होते. मागितलं त्यांनी."

"फेडणार का, एवढं तरी विचारायचं."

"कव्हर मागणाऱ्याला तू विचारतोस का, पुढं जाऊन काय करणार आहेस? तो पुढं जातो. आपण मागनं फायर द्यायचं."

"तुम्ही फायर नाही, सही दिलीत."

"तेच की."

आई, सुंदराबाई, तांदूळ निवडत होत्या. त्या न बघताच म्हणाल्या, "मला एक साडी घ्यायची तर तीन दुकानं फिरवतात. ट्रॅक्टर बघा कसे पटापट घेतले."

धम्मदीपनं एक्सेल शीट केली. सहा ओळी, तीन रंग. तिन्ही ट्रॅक्टर कधीच फिटले होते, बँका खाती बंद करायला विसरल्या होत्या. खाती बंद झाल्याची पत्रं आली. तीन ओळी हिरव्या झाल्या. म्हशींची बाकी महिपतीनं फोन ठेवल्या ठेवल्या भरली. चौथी हिरवी.

पाचवा बजरंग. फौजेतून आल्यावर त्यानं बँडपथक काढलं होतं आणि सगळ्यांना डीजे आवडायला लागल्यावर मोडलं होतं. तो फोनवर रडवेला होऊन म्हणाला, "हवालदारसाहेब, तुमची मान खाली घालणार नाही. सोमवारपर्यंत पाठवतो."

सोमवारी टेम्पो आला. त्यात एक मोठा ढोल होता आणि चिठ्ठी: 'बाकीचं सामान पुढच्या खेपेला.'

बजरंगचे नऊ हजार धम्मदीपनं स्वतः भरले. ढोल जिन्यातून वर नेताना दोन शेजाऱ्यांनी "अरे वा, लग्न कधी?" असं विचारलं. ढोल हॉलमध्ये आडवा ठेवला आणि सुंदराबाईंनी त्यावर पापड वाळत घातले.

राहिली शेवटची ओळ. दशरथ. घराच्या पत्र्यांसाठी तीस हजार.

"याचा नंबर द्या."

"नाही."

"मग पत्ता?"

"तिथं जायचं नाही."

दशरथ अकरा वर्षांपूर्वी सीमेवर शहीद झाला होता. जामिनाच्या कागदावर तात्यारावांनी त्याच्याच बंकरमध्ये सही केली होती. पेनातली शाई गोठली होती, ती दोघांनी स्टोव्हवर धरून पातळ केली. सहीनंतर एकोणीस दिवसांनी पेटी घेऊन तात्यारावच त्याच्या घरी गेले.

"त्याच्या बायकोच्या दारात एकदा गेलोय," ते म्हणाले. "पुरे."

टोकनचे सात दिवस उरले होते. धम्मदीपनं गुपचूप रजा टाकली आणि आळंदीच्या पुढच्या त्या गावातली बँकेची शाखा गाठली. मॅनेजर सरळ माणूस होता. म्हणाला, "एकही हप्ता आलेला नाही. व्याज धरून एकाहत्तर हजार. पण शहिदाच्या घरी वसुलीला कोण जाणार? पेपरात फोटो येईल माझा. आम्ही जामीनदाराला पत्रं पाठवत होतो."

"कुठं?"

"पलटणीच्या पत्त्यावर."

तात्याराव निवृत्त झाले होते, पलटण तीनदा हलली होती. पत्रं अजूनही कुठल्यातरी डोंगरात वडिलांना शोधत फिरत असतील, असं धम्मदीपच्या डोळ्यांसमोर आलं.

"मी भरतो सगळे."

"भरा. पण खातं बंद करायला वारसाची सही लागेल."

म्हणजे जावंच लागणार. पेढ्याचा पुडा घेऊन तो दशरथच्या बायकोच्या, इंदुबाईंच्या दारात उभा राहिला. पत्रे नवे होते तेव्हा निळे असावेत.

"जयभीम. मी तात्यारावांचा मुलगा."

"हवालदारसाहेबांचा? ये, बस. बरं हाय ना त्यांचं? एकदा आले ते परत आलेच न्हाईत. पाणीबी प्यायले नव्हते."

धम्मदीप पाणी प्यायला. मग चहा. मग आणखी पाणी. शेवटी जमिनीकडे बघत कर्जाचं बोलला.

इंदुबाई उठल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात पावत्या होत्या, वर्षाचा एकेक गठ्ठा, दोऱ्यानं बांधलेला.

"दर पाच तारखेला सहाशे. एकबी चुकवला न्हाई बघ. पोरीच्या बाळंतपणातबी शेजारणीला बसवून गेले. पर कर्ज लई लांबलं रं. किती वर्सं आसतं आसलं?"

पाच वर्षांचं होतं. धम्मदीपनं एक पावती बघितली, मग दुसरी, मग सगळ्या. प्रत्येकीवर खाते क्रमांक दशरथच्या बचत खात्याचा होता. घरात पासबुक तेवढंच होतं, इंदुबाईंनी तोच नंबर लिहिला. खातेदार जिवंत आहे का, हे खिडकीत कुणी विचारत नाही, स्लिप दोन प्रतींत आहे का एवढंच विचारतात. बचत खातं आणि कर्ज खातं अकरा वर्षं एकाच शाखेत, एकाच कपाटात शेजारी शेजारी बसली होती. त्यांची ओळख कुणी करून दिली नव्हती.

आणि मान राखायचा म्हणून पेटीनंतर त्यांच्या दारात कुणीच आलं नव्हतं. ना मॅनेजर, ना तात्याराव.

दुसऱ्या दिवशी बँकेत इंदुबाईंनी सह्या केल्या. एका खात्यातून दुसऱ्यात पैसे गेले. कर्ज मिटलं, वर आठेक हजार उरले. मॅनेजरनं पेढा दिला, धम्मदीपच्याच पुड्यातला.

"बाई, आता यायची गरज नाही. सुटलात."

इंदुबाईंनी पेढा हातातच ठेवला.

"साहेब, त्या खिडकीत उभं राहून म्या दर म्हैन्याला त्येंचं नाव लिहायचे," त्या म्हणाल्या. "आता पाच तारखेला म्या काय करू?"

मॅनेजरकडे या कामासाठी फॉर्म नव्हता.

तात्यारावांना धम्मदीपनं सगळं सांगितलं. पुढच्या पाच तारखेला सकाळी आंघोळ करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते आळंदीच्या बसमध्ये बसले. संध्याकाळी आले तेव्हा म्हणाले, "पाणी प्यायलो." एवढंच.

स्कोर सुधारायला दोन महिने लागतात, हे निकितानं आधी सांगितलं नव्हतं, कारण धम्मदीपनं विचारलं नव्हतं. फ्लॅट गेला. लाख गेले. ढोल राहिला.

आठ महिन्यांनी वारज्यातच दुसरी इमारत मिळाली, थोडी लहान, थोडी महाग. या वेळी तिघंही बँकेत गेले. तात्यारावांचा रिपोर्ट निघाला. सातशे एक्केचाळीस. निकिता पहिल्यांदा हसली. मग तिनं धम्मदीपचा काढला आणि हसणं आवरलं.

"सर, ही पिठाची गिरणी तुमची का?"

धम्मदीपनं बाबांकडे चोरून बघितलं.

"इंदुबाई नावाच्या बाईंचं कर्ज आहे. तुम्ही जामीन आहात. या कोण तुमच्या?"

"त्यांना पाच तारखेला बँकेत जायला काहीतरी हवं होतं," धम्मदीप म्हणाला.

तात्यारावांनी खुर्ची जवळ ओढली. मग त्यांनी मुलाला हळूच विचारलं, "पेन नीट चाललं का?"

"चाललं."

निकितानं दोन्ही रिपोर्ट एकावर एक ठेवले. "त्या जामिनामुळे तुमची कर्जाची मर्यादा कमी होतेय. थोडक्यात अडतंय. अजून एक जामीनदार दिलात तर साहेबांशी बोलून बघते. घरात कुणी आहे, ज्यांनी आजवर कुठेच जामिनाची सही केलेली नाही?"

बाप-लेकानं एकदमच वळून सुंदराबाईंकडे बघितलं.

बालवाडीच्या हजेरीपत्रकावर बावीस वर्षं रोज सही केलेल्या सुंदराबाईंनी पदर सावरला.

"मला सही येत नाही," त्या म्हणाल्या.