दत्ताराम मेस्त्रींची पॅरिसवाली खुर्ची

दत्ताराम मेस्त्री कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्ची उपडी करतात. इथे आखातात, अदलिया भागातल्या माझ्या फ्लॅटवर पहिल्यांदा आले, तेव्हा चहा होईपर्यंत डायनिंगच्या चारही खुर्च्या पाय वर करून पडल्या होत्या. माझ्या बायकोला वाटलं, ढेकूण शोधतायत.

"खुर्चेचो बापूस कोण, तो आधी बघूचो. मगे बसूचा," मेस्त्रींनी खुलासा केला.

मेस्त्री कुडाळकडचे. तीस वर्षं मनामातल्या एका वर्कशॉपात जुनं फर्निचर दुरुस्त करतात. इथल्या व्हिलांमधून हौसेनं आणलेल्या जुन्या फ्रेंच खुर्च्या त्यांच्याकडे येतात. निमुळते पन्हळी पाय, लंबगोल पाठ, पायाच्या माथ्यावर कोरलेलं फूल. अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिसचे कारागीर बैठकीच्या खालच्या पट्टीवर आपल्या नावाचा शिक्का ठोकत. तो सापडला की मेस्त्री पाहुणा आल्यासारखे खुलतात. फ्रेंचचा एक शब्द येत नाही, पण ते कारागीर जणू शेजारच्या वाडीतलेच. "ह्यो कोरीवकामाक चोख, पण सांध्यात घाई करी."

गेल्या वर्षी ते दर शुक्रवारी सुट्टीत एक नवी खुर्ची घडवायला लागले. सगळं पॅरिसच्या रीतीनं, फक्त बैठक दोन इंच उंच आणि हात जरा लांब. पॅरिसवाले रागावतील, असं मी म्हटलं. बसणाऱ्याचे गुडघे दुखत असतील तर त्यांनीही असंच केलं असतं, असं मेस्त्री म्हणाले. कोण बसणार, ते मात्र सांगेनात.

एका व्हिलावाल्या बाईंना ती खुर्ची फार आवडली. वर्कशॉपचा मालक म्हणाला, देऊन टाक, दुसरी कर. तीस वर्षांत मालकाला कधी नाही न म्हटलेले मेस्त्री अरबीत "मफी", म्हणजे नाही, म्हणाले आणि खुर्चीवर चादर घातली. व्हिसा कॅन्सल केलात तरी चालेल, हेही सांगून टाकलं. मालक तणतणत निघून गेला.

जानेवारीत सुमतीकाकी, मेस्त्रींची बायको, व्हिजिटवर आल्या. तीस वर्षांत पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच दोघांना गाडीनं वर्कशॉपात नेलं. मेस्त्रींनी चादर काढली. काकी खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, कोणी हाक मारली तर उठता यावं अशा.

"टेकून बस गो," मेस्त्री म्हणाले.

"सवय नाय हो."

मेस्त्रींनी त्यांच्या पाठीमागे उशी सरकवली. काकी हळूहळू टेकल्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, गावच्या दोन गोष्टी सांगितल्या आणि बोलता बोलता झोपून गेल्या.

मेस्त्रींनी जाऊन रंधा मशीन बंद केलं. सहा कामगारांना खुणेनं थांबवलं. काम का थांबलं ते बघायला मालक तरातरा आला. मेस्त्रींनी ओठांवर बोट ठेवलं. मालकानं खुर्चीकडे पाहिलं, चपला हातात घेतल्या आणि गुपचूप एका फळीवर जाऊन बसला.

मला ऑफिसला उशीर होत होता. मीही त्याच्या शेजारी बसलो.