मेट्रनबाईंची भेटीची वेळ

आमच्या मेट्रनबाई रोज संध्याकाळी स्वतःच्याच इस्पितळात पाहुण्या म्हणून येत. भेटीची घंटा व्हायच्या जरा आधी त्या टोपी आणि एप्रन खोलीत काढून ठेवीत, जुनं चौकड्याचं लुगडं नेसत, मागच्या दारानं बाहेर पडत आणि सगळ्या इमारतीला वळसा घालून पुढच्या दाराशी नातेवाइकांच्या रांगेत उभ्या राहत. श्रावणातला लोणावळ्याचा पाऊस छत्रीची पार उलटी फुलं करतो. तरी आतला व्हरांडा ओलांडून यायला त्या तयार नसत. पाहुणी कधी आतून येते का, असं उलट मलाच विचारीत.

मी पुण्याहून शिकून नुकतीच त्या धर्मादाय इस्पितळात लागले होते. बायकांचा एक वॉर्ड, आम्ही मोजक्या नर्सा आणि वर द्वारकाबाई मेट्रन. पहिल्याच संध्याकाळी दारावर मी होते. रांगेत मेट्रनबाई दिसल्यावर मी गडबडीनं बाजूला झाले आणि त्यांना घंटेआधीच आत सोडलं. आत जाऊन खूश व्हायच्या ऐवजी त्या तिथंच खाली मान घालून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कोणाकडे आलात, नात्यानं कोण, काही विचारलं नाहीत. मला लाज वाटली हो." आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

"मला लाज वाटली हो" हे त्यांचं एकमेव हत्यार. आवाज चढवणं नाही, दंड नाही, वर तक्रार नाही. एकदा माझ्या हातून एका बाळंतिणीला गार पेज गेली. मेट्रनबाई मला काही बोलल्या नाहीत. सरळ त्या बाळंतिणीच्या खाटेशी गेल्या, हात जोडले आणि सगळ्या वॉर्डासमोर तिची माफी मागितली. ती बिचारी उठून बसली आणि पेज फार चांगली होती म्हणून रडायला लागली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यापेक्षा दोन थोबाडीत देणारी मेट्रन परवडली असती, असं आम्ही सगळ्याच म्हणत असू. पण पेज पुन्हा कधी गार गेली नाही.

आता त्या पाहुणी होऊन कोणाकडे जात, ते सांगते. ज्या खाटेवर कोणी फिरकत नसे, तिथं. हातात राजगिऱ्याचे दोन लाडू असत. खाटेशी बसून त्या पक्क्या पाहुणीसारखी घरची चौकशी करीत, जेवली नाहीस म्हणून भांडत, आणि मग चादर चिमटीत धरून म्हणत, "ही काय चादर झाली? इथली मेट्रन कुठं तडमडली आहे?" दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून आमच्यापुढे उभ्या राहत. काल भेटीला आलेल्या एका बाईंची चादरीबद्दल तक्रार आहे, असं गंभीरपणे सांगत आणि लाज वाटली म्हणत. त्या बाई कोण, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. हसू दाबून आम्ही चादरी बदलत असू.

हे खूळ कुठून आलं, ते मला एकदा कळलं. भेट संपल्याची घंटा झाली की रोगी हटकून विचारतो, उद्या येतो म्हणाले का? तेव्हा काही न बघता "हो" म्हणायचं, अशी त्यांनी आम्हाला शिकवण दिली होती. मी नवी आणि फटकळ. खोटं असलं तरी हो म्हणायचं का, असं मी विचारलं.

"तुम्ही हो म्हणा," त्या म्हणाल्या. "पुढचं मी बघते."

त्यांना भेटायला मात्र कधी कोणी आलं नाही. नर्स म्हटलं की लोक नाक मुरडत, ते दिवस. माझी आईसुद्धा मी पुण्यात शाळेत शिकवते असंच सांगे. मेट्रनबाईंचा सख्खा भाऊ लोणावळ्याच्या बाजारातच कापडाचं दुकान चालवी. आम्ही बाजारात गेलो आणि तो समोरून आला, की तो रस्ता ओलांडून पलीकडे जाई. मेट्रनबाई लगेच छत्रीवाल्याच्या दुकानात शिरत आणि छत्र्या उघडून बघू लागत. त्यांच्याकडे बघायची आम्हाला लाज वाटे, म्हणून आम्हीही छत्र्या बघत असू. नुसतं बघून निघायचं बरं दिसत नाही, म्हणून कधी कधी घेतही असू. इस्पितळात छत्र्या फार झाल्या त्या अशा.

त्या श्रावणात मेट्रनबाईंना तापानं धरलं. डॉक्टरांनी त्यांना वॉर्डातच, दाराजवळच्या खाटेवर झोपवलं. पहिल्यांदा अंग पुसायला घेतलं तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले आणि माझी माफी मागितली. एवढ्या बायकांची अंगं पुसलेली ती बाई, दुसऱ्याचा हात लागला की चोरासारखी आक्रसून जाई.

आम्ही भावाकडे निरोप पाठवला. संध्याकाळी दुकानातला गडी दारात डबा ठेवून गेला. आत मऊ भात होता. डबा परत पाठवू नका, असं मालकांनी सांगितलं होतं. इस्पितळाला शिवलेला डबा त्यांना घरात नको होता. मेट्रनबाईंनी ते ऐकलं. त्या कुशीवर वळल्या.

इतक्यात भेटीची घंटा झाली. लोक आत आले, खाटा गजबजल्या, आणि दाराजवळच्या त्या खाटेशी मात्र कोणी नव्हतं. आम्ही नर्सा एकमेकींकडे बघेनाशा झालो. शेवटी मी कापडी पडदा ओढत आणला आणि खाटेभोवती लावला. त्यांना लोक दिसू नयेत, म्हणून. खरं तर त्या आम्हाला दिसू नयेत, म्हणून.

"काढा तो पडदा," आतून आवाज आला. "भेटीच्या वेळेला पडदा कशाला?"

मी तो काढला आणि मान खाली घालून दाराशी येऊन उभी राहिले. रांग संपली होती. पायरीवर एकच बाई काठी टेकत चढत होती, नखशिखांत भिजलेली. भाजे गावची ठकूमावशी. विळ्यानं पाय कापून जखम चिघळली, म्हणून ती आमच्याच वॉर्डात होती. मुलगा मुंबईला गिरणीत, सून भातलावणीत. त्यामुळे मेट्रनबाई पाहुण्या होऊन बरेच दिवस तिच्याकडेच जात होत्या. ती पाहुणी कोण, हे म्हातारीला उमगलंय की नाही, याचा आम्हाला पत्ता लागला नव्हता. आणि आता ती खाटेवरून उतरून, मागच्या दारानं बाहेर पडून, सगळा वळसा घालून पुढच्या दारी आली होती. जखमेच्या पायाला तिनं खाटेवरचं मेणकापड गुंडाळून सुतळीनं बांधलं होतं.

"भेटाया आलेय," ती म्हणाली. "दाराजवळच्या खाटंवर बाई हाय, तिला."

मी तिला आधी ओरडायला हवं होतं. पण आतून मेट्रनबाई बघत होत्या. "नात्यानं कोण?" मी विचारलं.

"लांबची पाव्हणी."

मी बाजूला झाले. माझ्या अंगावर एप्रन होता, पायांत बळ होतं, भिंतीला छत्र्यांचा ढीग होता, आणि हे मला सुचलं नव्हतं. एवढी लाज मला गार पेजेच्या दिवशीही वाटली नव्हती.

ठकूमावशी खाटेशी बसली. पदराची गाठ सोडून तिनं मागच्या भेटीत मिळालेला राजगिऱ्याचा लाडू काढला आणि मेट्रनबाईंच्या हातात ठेवला. मग चादर चिमटीत धरली.

"ही काय चादर झाली? हितली मेट्रन कुटं तडमडली म्हनावं?"

मेट्रनबाई हसायला गेल्या आणि त्यांना ते जमलं नाही. तोंडावर पदर ओढून घेत त्यांनी एवढंच विचारलं, पाय भिजला नाही ना. पुढचा सगळा वेळ ठकूमावशी त्यांना, जेवत नाहीत म्हणून, खालच्या आवाजात बोलत राहिली.

भेट संपायची वेळ झाली तरी माझा हात घंटेकडे जाईना. "घंटा, बाई," मेट्रनबाईंनी आठवण केली. मी घंटा वाजवली. म्हातारी उठली, पुढच्या दारानं गेली आणि बऱ्याच वेळानं मागच्या दारानं येऊन आपल्या खाटेवर पडली. मी मेणकापड सोडून पाहिलं, पाय कोरडा होता.

मेट्रनबाईंना पाणी द्यायला गेले तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. मी वळणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "उद्या येते म्हणाली का?"

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी मी एप्रन खुंटीला लावला, ढिगातली एक छत्री उचलली आणि मागच्या दारानं बाहेर पडले.