मार्तंड मास्तरांचा हात

मार्तंड मास्तरांचा उजवा हात मोडला तो मुआयन्याच्या, म्हणजे शाळातपासणीच्या, आदल्या सकाळी, आणि तोही एका मेलेल्या वटवाघळापायी. निजामाचे दिवस होते. रेणापूरच्या सरकारी शाळेत, तेव्हाच्या बोलीत मदरशात, मास्तर तीन वर्षं हंगामी. दुसऱ्या दिवशी तालीम, म्हणजे शिक्षण, खात्याचे साहेब येऊन धडा बघणार. पसंत पडला तर नोकरी पक्की, नाहीतर उचला चंबूगबाळं! गपचूप पाढे म्हणून घ्यायचे सोडून मास्तरांना नसती हौस. माणसाचा हात, बैलाचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख आतून एकाच घडणीचे, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वीचा पूर्वज एकच, हे मुलांना दाखवायचं म्हणून गृहस्थ चिंचेवर चढले. वटवाघूळ हाती आलं, पण फांदी मोडली.

गावात हाडं बसवणारा एकच, मलप्पा. तोही बैलांची.

"अरे, मी काय बैल आहे?" मास्तर विव्हळले.

"गप बसा वो मास्तर. वर एक हाड, खाली दोन. बैलाची ती दोन चिकटल्याली असत्यात, तुमची सुटी. बाकी समदं तेच." बांबूच्या कामट्या बांधून झाल्यावर मलप्पा सवयीनं बोलून गेला, "म्हैनाभर औताला जुंपू नका."

आता फळ्यावर चित्रं कोण काढणार? गोदावरीबाई नवऱ्यावर करवादल्या, "रडताय काय? उद्या मलप्पालाच न्या वर्गात!"

काय रंगला हो तो तास! मलप्पा मास्तरांचा हात धरून बोलतोय, पोरं एकमेकांची कोपरं चाचपून खिदळतायत. असा तास पुन्हा कुणाच्या नशिबी आला नाही.

साहेबांनी मात्र भुवया चढवल्या. "म्हणजे माणसाचा अन् बैलाचा आजा एकच?"

"हाव साहेब. तुमचा पन," मलप्पा म्हणाला.

मास्तरांनी डोळेच मिटले.

"आम्हाला बैलाच्या खानदानात बसवता? बरखास्त!" साहेबांनी ताडकन हात उगारला आणि पूर्वी घोड्यावरून पडून दुखावलेला त्यांचा खांदा निखळला. साहेब पांढरेफटक. डॉक्टर लातूरला, बैलगाडीनं अर्धा दिवस. मलप्पा पुढं झाला.

"ठैरो! बैलासारखं नको. माणसासारखं बसव."

"मला एकच रीत ठाव हाय साहेब. न्हाईतर लातूरला जावा."

साहेबांनी दारातली गाडी पाहिली. वाटेतले दगड आठवले. मग पोरांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "बरं बाबा. बैलासारखंच बसव."

कट्ट!

साहेबांनी खांदा हलवून पाहिला, घाम पुसला आणि त्याच हातानं शेरा लिहिला: 'धडा बरोबर आहे. मास्तर पक्के.'