रक्त कुणाचं, कारलं कुणाला!

"सांगितल्या भावाला माल घेईल तो सोपानराव न्हाई!" असं ते चाकणच्या कांदाबाजारात छाती ठोकून सांगत आणि ते खोटं नव्हतं हो! अडतीचा धंदा करून जीभ अशी तयार झालेली, की स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांनी भटजींना गाठलं होतं. मंगलाष्टकं दोन कमी म्हणा, पण दक्षिणा आवरा!

त्यामुळे रक्ततपासणीच्या काउंटरवरची दिव्या "एका माणसाचे बाराशे" म्हणाली, तेव्हा सोपानराव नुसते हसले. त्यांच्या कारभारणीला, सुभद्राबाईंना, सारखी चक्कर येत होती. डॉक्टरांनी त्यांची तपासणी लिहून दिली आणि सोपानरावांच्या पोटाकडे बघून त्यांचीही लिहिली. सुभद्राबाई मागे बाकावर पदराने वारा घेत बसल्या होत्या.

"जोडीचं काय घेनार?"

"चोवीसशे. काका, भाव फिक्स आहे."

"मग रक्त कमी काढा. अर्धीच बाटली."

"बाटली नसते काका! एवढीशी नळी असते."

"आन् एवढ्याशाचे बाराशे?"

दिव्याने पुढच्या पेशंटला हाक मारली. सोपानराव हरले म्हणता? छे! बाजारात एक गोणी फोडली की अख्ख्या गाडीचा भाव ठरतो. मग नवराबायकोचं काय निराळं? इतकी वर्षं एकाच चुलीवरचं जेवण, एकच मीठ, एकच तिखट. रक्त एकसारखं झालंच असणार! त्यांनी सुभद्राबाईंच्या नावाची एकच पावती फाडली आणि विजयी मुद्रेने पिंपळे गुरवला घरी परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटीचं रक्त न्यायला लॅबचा नवनाथ नावाचा माणूस घरी आला, तर सुभद्राबाई चक्कर येऊन पडलेल्या. सोपानरावांना वाटलं, आधीच अशक्त बाई, हिचं रक्त आणखी काढायचं? त्यांनी बाही सारून आपलाच दंड पुढे केला.

"सुभद्रा कोण?" नवनाथने विचारलं.

"घरातलीच हाय. तू टोच!"

त्याला अजून बरीच घरं गाठायची होती. त्याने टोचलं.

संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. साखर लाल अक्षरात, हवी त्याच्या दुपटीच्या वर! डॉक्टरांना दाखवायचा तर परत फी, म्हणून सोपानराव स्वतःच विचाराला बसले. रक्त माझं. नाव हिचं. चूल दोघांची. मग साखर नक्की झाली कुणाला? दोघांना म्हणावं, तर मला काहीच होत नाही, चक्कर हिलाच येते! विचार करकरून त्यांचंच डोकं गरगरायला लागलं. शेवटी ठरलं. पावती जिच्या नावाची, साखर तिची!

"अगं, तुला साखर निघाली! आजपासून गोड बंद."

आणि माया बघा, हा माणूस पहाटे उठून स्वतः कारली वाटायचा! सुभद्राबाई तोंड वेडंवाकडं करून तो हिरवा रस घशाखाली घालायच्या. गूळ बंद, खजूर बंद, चहा बिनसाखरेचा. त्यांच्या वाटणीचं गोड वाया जायला नको, म्हणून सोपानराव ते नाइलाजाने खायचे.

पण सुभद्राबाई दिवसेंदिवस पांढऱ्याफटक पडत चालल्या. आठवड्याने एका सकाळी त्या ग्लास हातात घेऊन ओट्यापाशीच मटकन खाली बसल्या. हातपाय गार! सोपानरावांचं धाबं दणाणलं. हिला काही झालं तर आपलं कसं होणार, एवढंच त्यांना सुचत होतं. त्यांनी रिक्षावाल्याला भाडंसुद्धा विचारलं नाही!

डॉक्टरांनी सुभद्राबाईंची पापणी खाली ओढून पाहिली. मग रिपोर्ट पाहिला. परत पापणी पाहिली.

"रिपोर्टात हिमोग्लोबिन सोळा. यांच्या अंगात तर त्याच्या निम्मंही दिसत नाही. हे रक्त आहे कुणाचं?"

सोपानराव आपल्या चपलांकडे बघू लागले.

"डॉक्टर, आमी एकच गोणी फोडली."

"कसली गोणी?"

मग सगळं सांगावंच लागलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, ही साखर तुमची आहे! यांना रक्त कमी आहे. मी गोळ्या देतो. शिवाय गूळ, खजूर, शेंगदाणे भरपूर द्या. कारलं प्यायचंच असेल तर तुम्ही प्या! आणि दोघांच्या तपासण्या नीट करून आणा, आजच्या आज!"

दिव्यापुढे सोपानरावांनी मुकाट्याने चोवीसशे ठेवले. घरी उंबऱ्यात पाऊल टाकताच सुभद्राबाई वळल्या.

"म्हंजे आठवडाभर कारलं प्याले मी, ते तुमच्या साखरंसाठी?"

सोपानरावांना एकाएकी बाजाराचं महत्त्वाचं काम आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापुढे काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास आला. हिरवागार! समोर सुभद्राबाई गूळ-शेंगदाण्याचा लाडू घेऊन ऐसपैस बसलेल्या.

"अगं," सोपानराव लाडीगोडीने म्हणाले, "पयलाच दिस हाय. अर्ध्या ग्लासावर मिटव की."

सुभद्राबाईंनी लाडवाचा मोठा घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"काका," त्या म्हणाल्या, "भाव फिक्स हाय."